मानेपाशी लाल रंग

१४ नोव्हेंबर

प्रिय ढब्या,

पन्नाशी उलटलेल्या माणसाला अशी हाक मारणारी आता मीच एक उरले आहे, तेव्हा निमूटपणे ऐकून घे.

माझ्या दवाखान्याच्या फेऱ्या संपल्या. केमोची शेवटची सलाईन उतरली तेव्हा नर्सनं टाळ्या वाजवल्या, मग मीही वाजवल्या. केस यायला लागलेत. आखूड, करडे, उभे. आरशात पाहिलं की वाटतं, गळावरच्या माश्यांसाठी सशाची लव विकत आणायची आता गरज नाही. डॉक्टर म्हणाले, नेहमीचं काम सुरू करा. म्हणून काल टेबलाच्या कडेला व्हाइसचा चिमटा आवळला, त्यात गळ पकडला, दिवा पुढे ओढला आणि बसले. खालच्या लाँड्रीची ऊब फरशीतून वर येते, त्यामुळे पाय गरम राहतात. बोटांना जरा मुंग्या आहेत. औषधांमुळे होतं म्हणे, जाईल.

सोबतच्या काड्यापेटीत चार माश्या आहेत. दर हिवाळ्यातला आपला नेम तोच. मी गळावर पिसं बांधून माशी केली की पहिला नमुना तुला पाठवायचा, तू पंपहाऊसखालच्या त्या न गोठणाऱ्या पाण्यात ती फेकून ट्राउट माशांना दाखवायची आणि खरं काय ते लिहायचं. तुझं पत्र आल्याशिवाय मी दुकानाचा माल बांधायला घेत नाही, हे दुकानदारालाही पाठ झालंय. मी आजारी असताना त्यानं माझं काम दुसऱ्या कुणाला दिलं नाही. पण यंदा माल बिघडला तर देईल, आणि त्यात त्याची चूक नसेल. ढब्या, मला या टेबलाशिवाय दुसरं काही येत नाही. तेव्हा माश्या चांगल्या जोरात ओढून बघ. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. बरं वाटायची औषधं मी पुष्कळ घेतली.

सरकारांना जाऊन वर्ष होत आलं. तू बायकोला सरकार म्हणायचास आणि ती खरंच तुझ्यावर राज्य करायची, ते आठवलं की मला अजून हसू येतं. तू नदीवर जातोस ना? जात जा.

फोन करू नकोस. फोनवर तू 'हं' आणि 'बरं' एवढंच बोलतोस. पत्रात निदान स्वल्पविराम तरी देतोस.

ताई


२७ नोव्हेंबर

ताई,

साष्टांग नमस्कार घालायला गुडघे राहिले नाहीत, तेव्हा उभ्यानंच घे.

माश्या मिळाल्या. लगेच रविवारी नदीवर गेलो. एकदम झकास. मासे तुटून पडले म्हणालो तरी चालेल. माशीच्या मानेपाशी जरासा लाल रंग दिलास ती नवीन कल्पना दिसते, माशांना तोच आवडला असावा. ओढूनही पाहिल्या. तुझा हात तसाच आहे. दुकानाचा माल बेलाशक बांधायला घे.

इकडे नेहमीचंच. पंप चालू असतात, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात असतो आणि काटा हिरव्या पट्ट्यात आहे असं मी लिहून ठेवतो. मग डबा खातो. कसं चाललंय विचारलं की बरं चाललंय म्हणतो, आणि ते खोटंही नाही. वाईट असं काही वाटत नाही. चांगलंही वाटत नाही, पण ते कुणी विचारत नाही.

बोटांना मुंग्या येतात म्हणालीस, म्हणजे खोलीत गारठा असणार. लाँड्रीची ऊब टेबलाच्या वर पोचत नसेल. सोबत लोकरीचे हातमोजे पाठवतोय, बोटांची टोकं उघडी असलेले, म्हणजे काम करता येईल. सरकारांचे आहेत. इथे दारामागच्या खुंटीवर नुसते लटकत होते.

ढब्या


९ डिसेंबर

प्रिय ढब्या,

हातमोजे अगदी मापाचे निघाले. खुंटीवरून काढलेस म्हणजे सावरलास म्हणायचं. मला बरं वाटलं. मी तुझी इतकी काळजी करत होते की माझ्या दुखण्याचं निम्मं श्रेय तुला द्यायला हरकत नाही.

तुझं पत्र मी दुकानदाराला वाचून दाखवलं. 'मासे तुटून पडले' या ठिकाणी त्यानं चष्मा काढून पुसला. मग मीही हुरूप येऊन बसले. सध्या रोज सकाळी चहा झाला की बसते आणि दुपारी उजेड गेला की उठते. काम हळू होतंय. सुरुवातीला दोरा फार तुटत होता. मी ओढते किती ते मला समजेना, म्हणून आता जरा हलक्या हातानं ओढते. दिसायला माश्या पहिल्यापेक्षा देखण्या होतायत.

त्या लाल रंगाचं मात्र मला काही आठवत नाही. मी दिला नव्हता असं वाटतं. टेबलक्लॉथवरही तसेच दोन ठिपके आहेत. पाण्यात गेल्यावर तो टिकला का रे? एवढं लिही. आणि हलक्या हातानं बांधलेल्या दोन माश्या सोबत ठेवल्यात, त्या पुन्हा एकदा ओढून बघ. तुझा शब्द म्हणजे मला पावती.

ताई


३० डिसेंबर

ताई,

उशीर झाला. ड्यूटी बदलली होती.

दोन्ही माश्या वापरून पाहिल्या. पहिल्यासारख्याच झकास. लाल रंग चांगला टिकला, दिवसभर पाण्यात होता तरी जसाच्या तसा. एक मासा तर माझ्या कोपरापर्यंत येईल एवढा होता. सोडून दिला. तेव्हा मनात शंका आणू नकोस आणि बांधत राहा.

परवा सरकारांना जाऊन वर्ष झालं. मी रजा घेतली नाही. मला वाटलं होतं त्या दिवशी काहीतरी होईल, निदान जेवण जाणार नाही. जेवण गेलं. काटा हिरव्या पट्ट्यात होता. घरी आलो, तिच्या बाजूच्या उशीचा अभ्रा बदलला, कारण शनिवार होता. काय लिहू आणखी.

ढब्या


२२ जानेवारी

प्रिय ढब्या,

माल पोचवला. दुकानदारानं डबा उघडूनही पाहिला नाही. "तुमच्या भावानं पाहिलंय ना, मग मी काय बघायचं," म्हणाला आणि सरळ काचेखाली मांडला. वसंत ऋतूची घाई असलेले काही लोक आत्तापासूनच येतात, त्यांनी माझ्यादेखत दोनचार उचलल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. दुकानातून बाहेर आले, रस्ता ओलांडला, बाकावर बसले आणि वाट पाहिली. झाला नाही. तू म्हणतोस वर्ष झालं त्या दिवशी काही वाटलं नाही. माझंही नर्सच्या टाळ्यांना तसंच झालं होतं. आपल्या घराण्यातच असेल. बाबा नाही का, आईला नेलं तेव्हा बाहेर येऊन सायकलीला तेल देत बसले होते.

त्या कोपराएवढ्या माशाला जाळीत कुणी घेतलं रे? सरकार नेहमी तुझ्या डावीकडे पाण्यात उभी राहून हातजाळी पुढे करायची. एकट्याला कसं जमलं, ते लिही.

ताई


११ फेब्रुवारी

ढब्या,

तुझं पत्र नाही. आता कळलं का नाही ते.

दुकानदारानं डबा परत आणून दिला. स्वतः जिने चढून आला, ते मला जास्त लागलं. गिऱ्हाइकं येऊन त्याच्या काउंटरवर माझ्या माश्या टाकून गेली होती. पीस एकीकडे, दोरा एकीकडे. एकजण म्हणे हसून म्हणाला, माशी नाही, हे तर घरटं आहे. दुकानदार बसला. चहाही प्यायला. जाताना म्हणाला, "यंदा मी दुसरीकडून मागवतो, तुम्ही विश्रांती घ्या." दार लावल्यावर मी एक माशी व्हाइसमध्ये धरली आणि बोटानं पीस ढकललं. ते अंगठीसारखं गरगर फिरलं.

ही माशी तू एकदा जरी पाण्यात फेकली असतीस, तरी दुसऱ्या फेकीला ती सुटली असती. तू एकदाही गेला नाहीस.

आणि तो लाल रंग. ते माझं रक्त होतं. गळ बोटात शिरतो आणि मला कळत नाही, टेबलक्लॉथवर डाग दिसला की मग मी कुठून आलं ते शोधते. या मुंग्या नाहीत, ढब्या. मला बोटांच्या टोकांना काहीही लागत नाही. सुई नाही, दोरा नाही, गरम कप नाही. डॉक्टर म्हणतात परत येईल, नाही तर येणार नाही. रक्त पाण्यात दिवसभर जसंच्या तसं टिकलं असं तू लिहिलंस, तेव्हाच मला समजायला हवं होतं. समजलंही असेल. पण मला ते 'झकास' हवं होतं.

तू मला फसवलंस याचा राग यायला हवा. तोही येत नाही. फक्त खूप वेळ बसून राहिले, इतका की खालच्या लाँड्रीवालीनं येऊन विचारलं, नळ चालू आहे का म्हणून. चालू होता.

तुझे हातमोजे परत पाठवू का? त्यांचा उपयोग नाही. मला थंडी वाजतच नव्हती.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

नाही गेलो. जाळी दाराआड आहे. ती दिसली की बुटात पाय घालवत नाही. तुला नदीवर जातो म्हणून लिहिलं की तुला बरं वाटायचं, आणि माझ्या थापा मलाही वाचायला बऱ्या वाटायच्या. त्यापुढे सांगण्यासारखं काही नाही. हातमोजे तिथंच राहू दे. मी ते तुझ्यासाठी पाठवले नव्हते. मला ते रोज बघवत नव्हते.

तुझं पत्र आलं त्या दुपारी गेलो. जाळी नेली नाही. बुटात पाणी शिरतं, ते विसरलो होतो. पंपहाऊसखाली पाण्याला वाफ येत होती, दोन्ही काठांना बर्फ. तू डिसेंबरात पाठवलेली माशी लावली. आता खरं काय ते लिहितो, आपल्या नेमाप्रमाणे.

पहिली फेक: पाण्यावर छान बसली. पिसं उभी. मानेपाशीचा लाल ठिपका भिजताक्षणी गेला. दुसरी फेक: पीस पुढच्या बाजूनं सैल झालं, मागच्या बाजूनं नाही. म्हणजे शेपटी आणि सशाची लव तू घट्ट बांधली आहेस, तिथं खोट नाही. तिसरी: पीस फिरलं आणि गळाच्या नेढ्याकडे सरकलं. गाठ मात्र सुटली नाही, गाठीखालचे वेढे सुटले. चौथ्या फेकीनंतर दोरा पाण्यावर लोंबायला लागला आणि त्याच्यापुढे नुसता गळ. मी तरी फेकत राहिलो. नागडा गळ, कुठला मासा येणार. तासभर तरी फेकत असेन. पाय कधी बधिर झाले ते कळलं नाही.

ताई, मला तुझ्या हातांचं काय करायचं ते समजत नाही. पण बिघडतं ते फक्त मानेपाशी, पिसाच्या वेढ्यांना. बाकीची माशी तुझीच आहे.

ढब्या


३ मार्च

प्रिय ढब्या,

तुझ्या आयुष्यातलं पहिलं कामाचं पत्र मिळालं. मी ते व्हाइसशेजारी टेकवून ठेवलं आणि फक्त माशीच्या मानेवर काम करत बसले. शेपूट, लव काही नाही. गळ, पीस, दोरा. बांधायचं, ढकलायचं, ते फिरायचं, कापून टाकायचं. आठवडाभर टेबलाखाली पिसांचा केर साठला. मग वैतागून ताणलेला दोरा दातात धरायला वाकले आणि दोरा खालच्या ओठाला लागला.

ओठाला कळतं, ढब्या. सैल दोरा मऊ लागतो. आणखी ओढला की चुरचुरतो. त्याच्याही पुढे गेला की कापेल असं वाटतं, आणि तिथं थांबायचं असतं. हीच जागा इतकी वर्षं बोटांना माहीत होती, पण मी ती कधी कुणाला सांगू शकले नसते. आता प्रत्येक वेढ्याला दोरा ताणून मान खाली घालते, ओठ लावते, मग पुढचा वेढा. लाँड्रीवाली कपडे द्यायला वर आली होती. म्हणाली, "काय हो, माशीचा मुका घेताय का?" म्हटलं, हो, या वयात दुसरं कोण देतंय.

ओठांवर भेगा पडल्यात. व्हॅसलीन लावलं की दोरा घसरतो, म्हणून लावत नाही. दिवसाला एखादीच होते. मान दुखते. दुकानदाराकडे अजून गेले नाही. हा माल दाखवण्याजोगा आहे की मीच माझी समजूत घालतेय, ते मला ठरवता येत नाही. बोटांनी ढकलून पाहिलं तर बोटांना काय कळतंय.

सोबत एक माशी आहे. एकच. जोरात ओढ. सुटली तर सुटली असं लिही, मी व्हाइस काढून ठेवीन आणि त्या टेबलावर निदान जेवता तरी येईल. आणि जाळी घेऊन जा. जाळी दाराआड ठेवून सरकार काही तुझ्या डावीकडे परत उभी राहणार नाहीये.

ताई


१२ मार्च

ताई,

जाळी घेऊन गेलो.

ती ज्या दगडाशी उभी राहायची तिथं आधी नुसताच जाऊन उभा राहिलो. मग माझ्या जागी आलो. माशी लावण्यापूर्वी दोन नखांच्या चिमटीत धरून पीस फिरवून पाहिलं. फिरलं नाही. गळ दगडाच्या खाचेत अडकवून दोरी ओढली. दोरी तुटली, माशी तशीच. पुन्हा बांधली आणि फेकली. पहिली, दुसरी, चौथी, मोजणं सोडून दिलं. पिसं उभीच. पंपहाऊसची शिटी झाली तेव्हा माझी पाळी सुरू झाली होती आणि मी अजून पाण्यात होतो. काटा कुठल्या पट्ट्यात होता, देव जाणे.

मग मासा लागला. मोठा. कोपरापर्यंत नाही, त्या थापेला आता जागा नाही, पण मनगटाच्या बराच वर. काठी वाकली, दोरी बर्फाच्या कडेला घासली, मी मागे मागे आलो आणि सवयीनं डावीकडे बघून म्हणालो, "धर."

कुणी धरलं नाही. जाळी माझ्याच पाठीला लटकत होती. ती काढेपर्यंत मासा पायाशी आला, मी जाळी घातली ती आडवी, तिच्या कडेला आपटून तो सुटला आणि गेला. मग मला रडू आलं, ताई. गुडघाभर पाण्यात, हातात रिकामी जाळी घेऊन, मोठ्यानं. वरच्या कठड्यावरून आमचा फोरमन बघत होता. त्यानं पाळीबद्दल काही विचारलं नाही.

माशी तुला परत पाठवतोय. माशानं ती चांगली चावली आहे, पिसांचं निम्मं गेलंय, लव ओरबाडलीय. मानेचे वेढे बघ. एकही हललेला नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. म्हणून तर पुरावा सोबत जोडलाय.

ढब्या


२१ मार्च

प्रिय ढब्या,

कालच तुझं पाकीट घेऊन दुकानात गेले. दुकानदारानं तुझं पत्र वाचायला मागितलंच नाही. तुझ्या पत्रांची त्याला आता धास्ती आहे. त्यानं ती चावलेली माशी चिमट्यानं उचलली, भिंगाखाली धरली, नखानं मान ढकलली, पुन्हा ढकलली. म्हणाला, यंदाचा मोठा माल दुसरीकडून आलाय, तो आता फिरवता येणार नाही. पण काचेखालचा एक खण त्यानं रिकामा केला. दिवसाला एक, तर एक. मी घरी येऊन लगेच बसले.

तू रडलास ते वाचून मला वाईट वाटलं नाही. हायसं वाटलं. पुढच्या वेळी जाळी आधीच डाव्या हातात घे, म्हणजे रडायला उजवा मोकळा राहील.

तुझी माशी टेबलावर ठेवलीय. आज सकाळी ती हातात घेऊन बसले. बोटांनी खूप चाचपली. पिसं, वेढे, गळाचं टोक, काहीही कळलं नाही. मग ओठाला लावली. टोचली. रक्त दिसायच्या आधी मला कळलं.

ताई